स्क्रीन शेअरिंगमधील गोपनीयता

एका संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील दृश्य इंटरनेटवरून अथवा स्थानिक जाळ्यावरून त्याच क्षणी दुसऱ्यांच्या पडद्यावर दाखविण्याच्या क्रियेला स्क्रीन शेअरिंग म्हणतात. दूरस्थ बैठका, ऑनलाइन वर्ग, नोकरीच्या मुलाखती, तांत्रिक साहाय्य आणि संगणकीय खेळांचे थेट प्रक्षेपण यांत ही सोय नित्याची झाली आहे. असे दृश्य दाखविताना स्वतःची किंवा तिसऱ्याच एखाद्या व्यक्तीची खासगी माहिती पाहणाऱ्यांसमोर येऊ नये, यासाठी योजले जाणारे तांत्रिक व व्यावहारिक उपाय हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ईमेलने एखादा दस्तऐवज पाठविला असता तेवढा दस्तऐवजच जातो. स्क्रीन शेअरिंगमध्ये मात्र चित्र जाते, आणि निवडलेल्या चौकटीत जे काही रंगविले गेले असेल ते सर्व पलीकडे उमटते. ताळेबंदातील आकडा कोणता आणि बँक खात्यातील शिल्लक कोणती, हा भेद चित्र पाठविणाऱ्या यंत्रणेला कळत नाही. त्यामुळे संरक्षणाचा मोठा भाग दृश्य सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे कोणती चौकट दाखवायची हे ठरविताना, पार पडतो. एकदा पलीकडे गेलेले दृश्य परत घेता येत नाही.

या विषयात दोन निरनिराळे धोके एकत्र येतात. पाहणारे विश्वासू असूनही अनवधानाने काही भलतेच दिसून जाणे, हा पहिला. पाहणाराच लबाड असणे आणि पडदा दाखविण्यास त्यानेच भाग पाडणे, हा दुसरा. पहिल्यासाठी उपयोगी पडणारे उपाय दुसऱ्यात फारसे कामी येत नाहीत, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

पार्श्वभूमी

दूरच्या दोन व्यक्तींनी एकच पडदा पाहत काम करण्याचे गाजलेले पहिले प्रात्यक्षिक अमेरिकन अभियंते डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत केले. मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत बसलेला त्यांचा सहकारी तोच मजकूर पाहत होता आणि दोघांचे संभाषणही चालू होते. संगणकाचा माउस जगासमोर आला तो याच कार्यक्रमात. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या नेटमीटिंग या प्रणालीने ही सोय घरगुती संगणकांपर्यंत आणली. केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेली व्हीएनसी ही प्रणाली १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध झाली आणि दूरच्या संगणकाचा पडदा पाहण्याचे व तो हाताळण्याचे ते सर्वपरिचित साधन ठरले. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, झूम, गूगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स ही साधने त्यानंतरची आहेत.

बराच काळ ही साधने प्रामुख्याने कार्यालयीन संगणकांवर चालत असल्याने चुकून उघड होणारी माहितीही बहुधा कार्यालयाचीच असे. २०२० मधील कोरोना साथीच्या काळात कार्यालय, शाळा आणि घर यांची कामे एकाच संगणकावर आली. ज्या लॅपटॉपवर सकाळी मुलाचा वर्ग भरे, त्यावरच दुपारी कार्यालयाची बैठक आणि रात्री बँकेचा व्यवहार होऊ लागला. पडद्यावरील खासगी आणि सार्वजनिक यांची ही सरमिसळ साथ ओसरल्यावरही कायम राहिली आहे.

पडदा कसा टिपला जातो

आधुनिक कार्यप्रणालींमध्ये प्रत्येक प्रणाली आपली खिडकी स्मृतीच्या स्वतंत्र भागात रंगविते आणि एक मध्यवर्ती घटक या सर्व खिडक्या एकावर एक रचून अंतिम चित्र तयार करतो. विंडोजमध्ये व्हिस्टा आवृत्तीपासून हे काम डेस्कटॉप विंडो मॅनेजर करतो. या रचनेमुळे दृश्य दोन ठिकाणांहून घेता येते. अंतिम चित्र घेतल्यास संपूर्ण पडदा जातो व त्यात कोपऱ्यात उमटणाऱ्या सूचनाही येतात. एकाच खिडकीची स्मृती वाचल्यास तेवढीच खिडकी जाते. तिच्यावर दुसरी खिडकी आली तरी पाहणाऱ्यांना ती दिसत नाही. काही साधने मात्र खिडकीची स्मृती न वाचता अंतिम चित्रातून तेवढा चौकोन कापून घेतात. अशा वेळी वर आलेली दुसरी खिडकीही चित्रात येते. वापरकर्त्याला दोन्ही ठिकाणी ‘एक खिडकी दाखवा’ असा एकच पर्याय दिसत असल्यामुळे आपल्या साधनाची रीत कोणती, हे विश्वासू सहकाऱ्याबरोबर एकदा पडताळून पाहणे इष्ट ठरते.

योग्य पर्याय निवडूनही माहिती निसटल्याचे उदाहरण मार्च २०२१ मध्ये समोर आले. जर्मनीतील एसवायएसएस या सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिले, की झूममध्ये एकच खिडकी दाखविली जात असताना दुसरी खिडकी तिच्यावर उघडल्यास तिचे दृश्य क्षणभर इतर सहभागींना दिसे. या दोषाची नोंद सीव्हीई-२०२१-२८१३३ या क्रमांकाने झाली. हे दर्शन क्षणमात्र असले तरी बैठकीचे मुद्रण करणाऱ्यास ती चौकट थांबवून वाचता येत होती. सेकंदाला १५ चित्रे या वेगाने जाणाऱ्या दृश्यात दोन सेकंद दिसलेला संदेश ३० चित्रांवर उमटतो, हे लक्षात घेतल्यास क्षणभराचे दर्शन किरकोळ मानता येत नाही.

ब्राउझरमधून (न्याहाळकातून) पडदा दाखविण्यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने स्वतंत्र मानक तयार केले असून क्रोममध्ये त्याचा आधार जानेवारी २०१९ मधील ७२ व्या आवृत्तीपासून मिळतो. या मानकानुसार संकेतस्थळाला पडदा हवा असेल तर वापरकर्त्याने प्रत्येक वेळी नव्याने निवड केली पाहिजे. कॅमेरा किंवा मायक्रोफोनसारखी कायमची परवानगी येथे देता येत नाही. कोणता पडदा, खिडकी अथवा टॅब द्यायचा हे संकेतस्थळ परस्पर ठरवू शकत नाही. ही कठोरता सकारण आहे. एरवी एका संकेतस्थळाला दुसऱ्या संकेतस्थळावरील मजकूर वाचता येऊ नये अशी ब्राउझरची रचना असते, परंतु पडद्याचे चित्रच हाती आल्यावर ती भिंत उरत नाही. पडदा मागणारे संकेतस्थळ आपल्या समोर दुसरे पान उघडवून त्यातील मजकूर चित्ररूपाने मिळवू शकते.

कार्यप्रणालींची भूमिका हळूहळू कडक होत गेली आहे. लिनक्सवरील जुन्या एक्स ११ या व्यवस्थेत चालू असलेली कोणतीही प्रणाली न विचारता सर्व पडदा वाचू शके. वेलँड या नव्या व्यवस्थेत त्यासाठी वापरकर्त्याची संमती लागते. ॲपलने मॅकओएसच्या २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून पडदा टिपण्यासाठी स्वतंत्र परवानगी आवश्यक केली.

अनवधानाने उघड होणारी माहिती

सर्वांत परिचित प्रकार सूचनांचा. बैठक चालू असताना कोपऱ्यात उमटणारा व्हॉट्सॲपचा संदेश, ईमेलच्या पहिल्या दोन ओळी, दिनदर्शिकेतील ‘डॉक्टरांची भेट’ अशी आठवण किंवा बँकेने पाठविलेला एकवेळ संकेतांक, म्हणजे ओटीपी, हे सर्व न मागता येतात. यांतील पुष्कळशी माहिती दाखविणाऱ्याची नसून संदेश पाठविणाऱ्याची असते. आपला संदेश चाळीस जणांसमोर वाचला जाईल याची त्याला कल्पना नसते, म्हणून या प्रश्नाकडे केवळ दाखविणाऱ्याची वैयक्तिक अडचण म्हणून पाहता येत नाही.

ब्राउझर हा दुसरा मोठा मार्ग होय. पत्त्याच्या पट्टीत एक अक्षर टाइप करताच पूर्वी पाहिलेल्या पानांची यादी खाली उघडते. शोधयंत्राच्या चौकटीत मागील शोध दिसतात. उघड्या टॅबांची शीर्षके, पट्टीवरील बुकमार्क, अर्जातील रकान्यांत आपोआप सुचविले जाणारे घरचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक यांवरून व्यक्तीचा आजार, कर्ज, धर्म, राजकीय कल किंवा नोकरी बदलण्याचा विचार ताडता येतो. यांपैकी एकही गोष्ट वापरकर्त्याने ‘उघडलेली’ नसते, आणि तेच येथे घातक ठरते.

फाइल उघडण्याच्या चौकटीत अलीकडे वापरलेल्या फाइलींची नावे दिसतात. फाइलीचे नाव हीदेखील माहितीच असते. एखाद्या सहकाऱ्याच्या नावाने असलेली ‘निलंबन’ किंवा ‘वेतनवाढ’ अशी फाइल आतला मजकूर न उघडताही पुरेसे सांगून जाते. खिडक्या बदलण्यासाठी ऑल्ट व टॅब या कळा एकत्र दाबल्यास सर्व उघड्या खिडक्यांची लघुचित्रे एकदम समोर येतात. विंडोज १० मध्ये २०१८ पासून आलेला क्लिपबोर्डचा इतिहास सुरू ठेवलेला असेल, तर नक्कल केलेले मागील मजकूर, त्यात कधी पासवर्डही, यादीरूपाने उघडतात. सादरीकरणात वक्त्यापुरती असलेली टिपणे चुकीचा पडदा निवडल्यामुळे श्रोत्यांना दिसण्याचा प्रकारही वारंवार घडतो. दोन पडदे जोडलेले असताना ही चूक विशेष होते.

पासवर्डच्या रकान्यात अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, म्हणून तो सुरक्षित आहे असा समज असतो. संगणकावर तो बहुतांशी खरा आहे. मोबाइलवर मात्र शेवटचे टाइप केलेले अक्षर क्षणभर स्पष्ट दिसते, तसेच पडद्यावरील कळफलकाची दाबलेली कळ मोठी होऊन उमटते. मोबाइलचा पडदा दाखवीत असताना पासवर्ड टाइप केल्यास तो अक्षरशः वाचून दाखविल्यासारखे होते. पासवर्ड चुकून वापरकर्तानावाच्या रकान्यात टाइप होणे, ही चूकही घाईत बोलत बोलत काम करताना हमखास घडते.

संगणक आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या बाबतीत धोका वेगळ्या स्वरूपाचा असतो. क्लाउड सेवांच्या गुप्त किल्ल्या अनेकदा साध्या मजकूर-फाइलींत ठेवलेल्या असतात. थेट प्रक्षेपणात अशी फाइल एकदा उघडली गेली, तर ती किल्ली चित्रावरून टिपून वापरता येते. त्यामुळे थेट प्रक्षेपण करणारे अनेक जण त्यासाठी वेगळे खाते आणि नंतर रद्द करता येतील अशा तात्पुरत्या किल्ल्या वापरतात.

पडद्याचे छायाचित्र प्रसिद्ध करणे हा याच चुकीचा जुळा प्रकार होय. नोव्हेंबर २०२० मध्ये नेदरलँड्सच्या तत्कालीन संरक्षणमंत्री आंक बेलेव्हेल्ड यांच्या ट्विटर खात्यावरील छायाचित्रात युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांच्या दृक्‌श्राव्य बैठकीचा पत्ता आणि सहा अंकी संकेतांकातील पाच अंक दिसत होते. डच पत्रकार डॅनिएल फेरलान यांनी उरलेला अंक ओळखून त्या गोपनीय बैठकीत प्रवेश केला. उपस्थितांनी त्यांना पाहिल्यावर बैठक थांबवावी लागली. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी प्रसृत केलेल्या मंत्रिमंडळ बैठकीच्या चित्रातही झूम बैठकीचा क्रमांक दिसत होता.

दाखविण्याची कक्षा मर्यादित करणे

बहुतेक साधनांत संपूर्ण पडदा, एक खिडकी आणि ब्राउझरचा एक टॅब असे तीन पर्याय असतात. संपूर्ण पडद्याचा पर्याय सर्वांत सोयीचा व सर्वांत धोक्याचा आहे. एकच टॅब दाखविल्यास पत्त्याची पट्टी, बुकमार्क आणि इतर टॅबांची शीर्षके बाहेर राहतात. संकेतस्थळ किंवा ब्राउझरमध्ये उघडलेला दस्तऐवज दाखवायचा असेल तर हा पर्याय पुरेसा होतो. एकाहून अधिक प्रणालींमध्ये ये-जा करावी लागणाऱ्या प्रात्यक्षिकात मात्र तो अपुरा पडतो आणि वक्ता कंटाळून संपूर्ण पडदा देऊन टाकतो. पुष्कळ माहिती निसटते ती या कंटाळ्याच्या क्षणी.

अशा प्रसंगी संगणकावर दुसरे वापरकर्ता-खाते उघडून ते केवळ सादरीकरणासाठी राखणे, हा साधा पण परिणामकारक उपाय आहे. त्या खात्यात वैयक्तिक ईमेल, संदेशप्रणाली वा बँकेची नोंद नसते, त्यामुळे चुकून दिसण्यासारखे काही उरतच नाही. एवढे शक्य नसल्यास ब्राउझरमध्ये स्वतंत्र प्रोफाइल तयार करता येते. त्यात इतिहास, बुकमार्क आणि साठविलेले पत्ते वेगळे राहतात. खासगी विंडोही जुना इतिहास सुचवीत नाही, परंतु बुकमार्क तिच्यात दिसू शकतात. बैठकीपूर्वी नको त्या खिडक्या केवळ लहान न करता बंद करणे, लागणाऱ्या फाइली आधीच उघडून ठेवणे आणि डेस्कटॉपवरील चिन्हे लपविणे या सवयींना तंत्रज्ञान फारसे लागत नाही. फाइल आधीच उघडून ठेवल्यास फाइल निवडण्याची चौकट समोर येण्याचा प्रसंगच टळतो.

कार्यप्रणालींतील संरक्षक सोयी

सूचना थोपविण्याची सोय आता सर्व प्रमुख कार्यप्रणालींत आहे. विंडोजमध्ये पडदा प्रक्षेपकावर दाखविताना सूचना आपोआप बंद ठेवण्याचा नियम निवडता येतो, आणि मॅकओएसमध्ये पडदा सामायिक होत असताना सूचना दाखवाव्यात की नाही यासाठी वेगळा पर्याय आहे. प्रक्षेपकासाठीचा नियम ऑनलाइन बैठकीत लागू होईलच असे नाही, म्हणून बैठकीपूर्वी ‘व्यत्यय नको’ ही स्थिती हाताने सुरू करणे अधिक भरवशाचे असते.

आपली खिडकी कोणालाही टिपता येऊ नये, अशी विनंती प्रणालीकडूनही कार्यप्रणालीला करता येते. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी फ्लॅग सिक्युअर नावाची खूण आहे. ती लावलेला भाग दूरच्या पडद्यावर काळा दिसतो आणि त्याचा स्क्रीनशॉटही घेता येत नाही. बँकांची व यूपीआयची अनेक ॲप ती वापरतात. विंडोजमध्ये अशी तरतूद विंडोज ७ पासून आहे. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून खिडकी काळी न दिसता चित्रातून पूर्ण वगळली जाण्याचीही सोय झाली. सिग्नल या संदेशप्रणालीने मे २०२५ मध्ये विंडोज ११ वरील आपल्या आवृत्तीत असे संरक्षण मुळातच सुरू ठेवले. याला एक किंमतही आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या किंवा मोठा करणाऱ्या काही साधनांना त्यामुळे अडथळा येऊ शकतो, आणि ही साधने वापरणाऱ्या अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी ती सुरक्षितता त्रासाची ठरते.

अँड्रॉइडमध्ये संपूर्ण पडद्याऐवजी एकच ॲप दाखविण्याची सोय अलीकडे आली. अँड्रॉइड १५ मध्ये पडदा सामायिक होत असताना सूचनांतील खासगी मजकूर व ओटीपी दूरच्या पाहणाऱ्यापासून झाकले जातात. ही तरतूद येण्यास उशीर झाला असे म्हणावे लागते, कारण अन्य ॲपना पडदा टिपू देणारी सोय अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० आवृत्तीपासूनच उपलब्ध होती.

मजकूर झाकणे

दाखविण्याच्या दस्तऐवजातच नावे, खाते क्रमांक वा आधार क्रमांक असतील, तर खऱ्या नोंदींच्या जागी काल्पनिक नोंदी घालून वेगळी प्रत तयार करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. स्तंभ लपविणे, अक्षरे पांढरी करणे यांसारख्या युक्त्या एका क्लिकने उलटतात. मजकूर अंधुक करणे किंवा त्याचे मोठे चौकोन करणे हेही संख्यांसाठी पुरेसे नाही. अक्षरवळण आणि आकार माहीत असल्यास संभाव्य अंक तशाच रीतीने अंधुक करून तुलना करता येते. पूर्ण अपारदर्शक पट्टी हाच भरवशाचा उपाय होय.

बैठकीतील सहभागी आणि मुद्रण

झूम बैठकांत आगंतुकांनी घुसून अश्लील चित्रे दाखविण्याचे प्रकार २०२० च्या प्रारंभी जगभर वाढले. भारताच्या गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी झूमच्या वापराविषयी सूचनापत्र काढले; पडदा दाखविण्याचा अधिकार केवळ यजमानाकडे ठेवावा, ही त्यातील एक सूचना होती. पडदा दाखविणे आणि पडद्याचा ताबा देणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. ताबा दिल्यास समोरची व्यक्ती फाइली उघडू, मजकूर बदलू वा काही स्थापित करू शकते. दुरुस्तीसाठी ताबा द्यावाच लागला, तर काम संपताच तो काढून घ्यावा लागतो.

टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन वाटेतील तिऱ्हाइताला दृश्य पाहू देत नाही. ज्याच्यासाठी दृश्य पाठविले आहे, त्याला मात्र ते दिसणारच. यजमानाने मुद्रण बंद ठेवले तरी एखादा सहभागी आपल्या मोबाइलने समोरच्या पडद्याचे छायाचित्र घेऊ शकतो आणि त्याची कोणतीही खूण मागे राहत नाही. पडदा न दाखविताही काही निसटू शकते, असे २०२२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात दिसून आले. चष्म्याच्या काचांवरील प्रतिबिंबातून, ७२० ओळींच्या साध्या वेबकॅमद्वारे, १० मिलिमीटर उंचीची अक्षरे ७५ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखता आली. अर्थात हा निष्कर्ष नियंत्रित वातावरणातला असून नित्याच्या बैठकीत कोपऱ्यातील सूचनेचा धोका त्याहून पुष्कळ मोठा आहे.

आर्थिक फसवणुकीसाठी वापर

भारतात स्क्रीन शेअरिंगमुळे होणारी सर्वांत गंभीर हानी बैठकींत होत नाही. ती दूरध्वनीवरून होते. फसवणूक करणारा स्वतःला बँकेचा, दूरसंचार कंपनीचा किंवा वीज कंपनीचा कर्मचारी म्हणवितो. केवायसी अद्ययावत करायची आहे, परतावा जमा करायचा आहे किंवा थकलेल्या बिलामुळे आज रात्री वीजपुरवठा तोडला जाणार आहे, असे सांगून तो एक ॲप उतरवून घ्यायला लावतो. महाराष्ट्रात वीजबिलाच्या नावाने येणाऱ्या अशा बनावट संदेशांविषयी महावितरणने ग्राहकांना वेळोवेळी सावध केले आहे. कित्येकदा ग्राहकच शोधयंत्रावर सापडलेल्या खोट्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करून या जाळ्यात शिरतो.

भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना दिलेल्या इशाऱ्यात एनीडेस्कच्या साहाय्याने होणाऱ्या या पद्धतीचे वर्णन केले होते. ॲप स्थापित झाल्यावर त्यात नऊ अंकी क्रमांक दिसतो, तो दूरध्वनीवर विचारला जातो, मग काही परवानग्या द्यायला लावल्या जातात आणि त्यानंतर मोबाइल दूरच्या व्यक्तीच्या नजरेखाली येतो. हे ॲप मुळात घातक नाही. जगभर तांत्रिक साहाय्यासाठी ते रीतसर वापरले जाते. त्यामुळे विषाणूरोधक प्रणाली त्याला अडवीत नाही आणि ते अधिकृत ॲप भांडारातूनच येत असल्यामुळे वापरकर्त्यालाही शंका येत नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बी(अ)वेअर’ या पुस्तिकेतही स्क्रीन शेअरिंगद्वारे होणाऱ्या फसवणुकीचा समावेश आहे.

या पद्धतीत पासवर्ड विचारावा लागत नाही. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा उपदेश वर्षानुवर्षे केला गेला आणि लोकांनी तो बऱ्यापैकी पाळलाही. येथे तो पाळूनही पैसे जातात, कारण ओटीपी सांगितला जात नाही, पाहिला जातो. फसवणूक करणारा ‘खात्री म्हणून’ एक रुपयाचा व्यवहार करायला सांगतो. त्या वेळी टाइप होणारे अंक, संदेशातील संकेतांक आणि खात्यातील शिल्लक त्याला दिसत राहते. यूपीआयचा पिन टाकण्याचे पान ॲपने झाकले असले तरी लघुसंदेशांची पेटी उघडीच असते.

व्हॉट्सॲपने ऑगस्ट २०२३ मध्ये व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखविण्याची सोय दिल्यावर वेगळे ॲप स्थापित करण्याचीही गरज उरली नाही. या सोयीचे दोन्ही उपयोग तितकेच खरे आहेत. परगावी किंवा परदेशी असलेली मुले आईवडिलांच्या मोबाइलमधील अडचण याच मार्गाने सोडवितात, आणि त्याच सरावामुळे अनोळखी ‘अधिकाऱ्या’ने तेच बटण दाबायला सांगितले तर ज्येष्ठांना त्यात काही वावगे वाटत नाही. पोलीस वा तपास यंत्रणेचा अधिकारी असल्याचे भासवून माणसाला तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर अडकविणाऱ्या, ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फसवणुकीतही पडदा दाखविण्याची मागणी केली जाते. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने अनोळखी व्यक्तीला पडदा दाखविताना इशारा देण्याची तरतूद जाहीर केली.

बँकेचा कर्मचारी ग्राहकाला पडदा दाखविण्यास कधीही सांगत नाही, एवढा एक नियम या ठिकाणी इतर सर्व तांत्रिक उपायांपेक्षा अधिक उपयोगी आहे. फोन चालू असताना कोणतेही ॲप उतरवून न घेणे आणि बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा पासबुकातून घेणे, हे त्याचेच पोटनियम होत.

कायदेशीर बाजू

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या भंगाची व्याख्या व्यापक असून तीत अनवधानाने झालेले प्रकटीकरणही येते. म्हणजे एखाद्या संस्थेच्या कर्मचाऱ्याने बैठकीत ग्राहकांची यादी चुकून दाखविली, तर तो केवळ ओशाळवाणा प्रसंग राहत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या अधिनियमात आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे.

पैसे गेल्यावर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र पीडितांसाठी सर्वांत कळीचा ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची वा बँकेची नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याचे दायित्व शून्य असते. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ व्यवहाराची गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे, नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा सर्व तोटा त्याने सोसायचा आहे. कळविल्यानंतरचा तोटा बँकेचा. पडदा दाखविणारा ग्राहक यांपैकी कोणत्या गटात मोडतो, यावर वाद संभवतो. त्याने काही ‘सांगितलेले’ नसते, परंतु परवानगीचे बटण त्याच्याच बोटाने दाबलेले असते. दोन्ही बाजूंनी पाहता कळविण्याची वेळच निर्णायक ठरते.

माहिती उघड झाल्यास

बैठकीत पासवर्ड किंवा गुप्त किल्ली दिसली असल्यास ती कोणी पाहिली की नाही याचा तर्क करीत न बसता तत्काळ बदलतात. बैठकीचे मुद्रण झाले असेल तर ते इतरांना पाठविण्यापूर्वी तेवढा भाग कापावा लागतो. स्वयंचलित लिखित वृत्तान्तात आणि लघुचित्रांतही तोच मजकूर राहिलेला असू शकतो. तिसऱ्या व्यक्तीची माहिती दिसली असल्यास तिला ते कळविणे हा सौजन्याचा आणि संस्थांच्या बाबतीत कायद्याचाही भाग आहे.

फसवणुकीच्या प्रसंगी प्रथम मोबाइलचे इंटरनेट बंद करून पडद्याचे प्रक्षेपण तोडावे लागते. त्यानंतर दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळविल्यास पैसे पुढच्या खात्यांत पोहोचण्यापूर्वी गोठविले जाण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. संबंधित ॲप काढून टाकण्यापूर्वी त्यातील संपर्काची नोंद, समोरच्याचा क्रमांक आणि वेळ यांची छायाचित्रे दुसऱ्या मोबाइलने घेऊन ठेवतात, कारण ॲपबरोबर हा पुरावाही नाहीसा होऊ शकतो.